बत्तिसावा फॉर्म

रेशमाच्या अळ्या चौथ्या झोपेतून उठायच्या आदल्याच दिवशी नवरा शिडीवरून पडला. वर्षभर कधी पडला नाही, आणि पडायला मुहूर्त काढला तो हा. शेडच्या पत्र्यावर ऊन फार लागतं म्हणून जाळी बांधायला चढला होता. खालची पायरी निसटली आणि उजव्या पायाची नडगी मोडून घेऊन बसला. दवाखान्यातून मांडीपर्यंत प्लास्टर घालून त्याला आणलं, तेव्हा अळ्या जाग्या होऊन माना वर करून पाला मागत होत्या. बायकोनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा अळ्यांकडे पाहिलं आणि आधी अळ्यांना पाला घातला. याचा राग नवऱ्यानं पुढे बरेच दिवस धरून ठेवला.

गावात तिला सगळे रेशीमवालीच म्हणत. नवरा तिच्याइतकंच राबायचा, पण त्याला कुणी रेशीमवाला म्हणत नसे. तो मोजमाप करणारा माणूस. शेडच्या दारामागे एक तक्ता लावलेला होता, त्यावर तो दिवसातून चारदा उष्णता, ओल आणि पाल्याची वेळ लिहायचा. पाय मोडल्यावर त्यानं आपली खाट शेडच्या दारातच टाकून घेतली. हात चालू आहेत तोवर तक्ता कुणाला देणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. रेशीमवालीनं तक्ता मागितलाही नव्हता. तिला दोन हात हवे होते.

कात टाकायची चौथी, शेवटची झोप झाली की पुढचे आठ दिवस अळी नुसती खाते. आधीच्या सगळ्या दिवसांत मिळून जेवढं खाल्लं असेल त्याच्या कितीतरी पट या आठ दिवसांत खाते आणि मग कोष विणायला लागते. पहाटे पाचला पाला, दुपारी बाराला पाला, संध्याकाळी सातला पाला. तुतीच्या फांद्या कापायच्या, भारे बांधायचे, डोक्यावरून आणायचे, ओल्या गोणपाटाखाली झाकायचे, मग मांडणीच्या पाच मजल्यांवर हारीनं पसरायचे. मधल्या वेळात खालची घाण काढायची, चुना भुरभुरायचा, आजारी अळ्या वेचायच्या. तीन माणसांचं काम. शेजारपाजारचे आपापल्या अळ्यांत गुंतलेले, बोलवायचं तरी कुणाला? उरल्या दोघी. त्यातली दुसरी तेरा वर्षांची होती.

मुलीला घरात मुंगी म्हणत. लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू उचलून चालायला लागायची, त्यावरून बापानं ठेवलेलं नाव. रेशमाच्या घरात मुंगी हा पहिल्या नंबरचा शत्रू, मुंग्या अळ्यांना लागल्या तर रात्रीत मांडणी रिकामी करतात. मांडणीचे पाय म्हणूनच पाण्याच्या वाट्यांत उभे असतात. आलागेला या नावावर एकदा तरी विनोद करायचा आणि मुंगी दरवेळी हसायची. गेल्या काही महिन्यांत ती हसायची राहिली होती, पण विनोद करणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

अळ्यांची मागची खेप रोगानं गेली होती. अळ्या पिवळ्या पडून फुगल्या, फुटल्या आणि त्यांचं पाणी खालच्या मजल्यांवर गळलं. टोपल्या भरभरून खड्ड्यात पुरल्या. त्यामुळे या खेपेला चूक चालणार नव्हती. शाळा आठ दिवस बुडली तर बुडली, असं ठरवायला कुणी बसलं नाही. पहिल्या दिवशी पहाटे रेशीमवालीनं हाक मारली, मुंगी उठली, आणि तिचं दप्तर खुंटीला होतं तिथंच राहिलं.

त्याच आठवड्यात शाळेत सर्वे झाला.

वरच्या ऑफिसातून बत्तीस फॉर्मांचा गठ्ठा आला होता. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींचं आरोग्य आणि दिनचर्या. प्रश्न बेचाळीस. नाव लिहायचं नाही, फक्त हजेरीचा नंबर. सकाळी मुलांनी भरायचे आणि दुपारी सर्वेची बाई येऊन गोळा करणार. मास्तर वाईट माणूस नव्हता. बावीस वर्षांत त्याच्या शाळेतून चुकीची पाटी बाहेर गेली नव्हती, याचा त्याला अभिमान होता. त्यानं प्रश्न वाचले आणि त्याला घाम फुटला. ‘रोज किती फळे खातोस?’ या प्रश्नावर मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, दुसऱ्याच्या झाडावरची धरायची का? ‘झोपण्यापूर्वी दात घासतोस का?’ यावर अख्खा वर्ग एकमेकांची तोंडं बघायला लागला. मास्तरनं सगळ्यांना पेन्सिली खाली ठेवायला लावल्या, फळा पुसला आणि बेचाळीस प्रश्नांची बरोबर उत्तरं ओळीनं लिहून दिली.

मग सगळं सुरळीत झालं. शाळेतल्या एकतीस मुलांनी लिहिलं की ती रात्री नऊला झोपतात, सकाळी सहाला उठतात, दूध पितात, तासभर खेळतात आणि आनंदी असतात. वजनाच्या रकान्यापाशी जरा अडलं. शाळेतल्या काट्याची सुई छत्तिसावर अडकलेली होती. मुलं एकेक करून काट्यावर चढली, उतरली आणि एकतीसच्या एकतीस मुलांचं वजन छत्तीस किलो भरलं. त्यात पाचवीतला काडीपैलवानही आला आणि हलवायाची मुलगीही.

दुपारी बाईनं गठ्ठा मोजला. एक कमी. संध्याकाळी मास्तर सायकलवरून रेशीमवालीकडे आला. तो दाराबाहेरच उभा राहिला, कारण आत यायचं तर चपला काढून औषधाच्या पाण्यात पाय बुडवावे लागतात. फॉर्म त्यानं नवऱ्याच्या हातात दिला. बत्तीस आले होते, बत्तीसच परत गेले पाहिजेत, उद्या सकाळी पोचवा, असं सांगितलं. उत्तरं सोपी आहेत, एवढंच म्हणाला. अंधार पडायच्या आत त्याला घरी पोचायचं होतं. त्या घाईत फळ्यावरचं काही त्यानं सांगितलं नाही, आणि इथंच सगळं फसलं.

या घरात तक्त्यावर खोटं लिहीत नसत. हा काही मोठा सद्गुण नव्हता, अनुभवानं शिकवलेली गोष्ट होती. एका उन्हाळ्यात नवऱ्यानं रेशीम खात्याच्या साहेबांना बरं दिसावं म्हणून तेहतीस अंश असताना सव्वीस लिहिले होते. अळ्या मेल्या, आणि खात्याचे साहेब तक्ता बघून डोकं खाजवत राहिले, कारण तक्त्याप्रमाणे तर अळ्या मरायचं काही कारण नव्हतं. तेव्हापासून नवऱ्यानं कानाला खडा लावला होता. कागदावर रकाना दिसला की त्यात जे असेल तेच भरायचं, मिनिटासकट. फॉर्ममध्ये रकाने होते. त्यानं खाटेवर उठून बसत पेन्सिलीला टोक केलं.

मुंगी चुन्याच्या पोत्यावर बसून प्रश्न वाचू लागली. रेशीमवाली सातचा पाला पसरत होती, तिथूनच उत्तरं देत होती.

“झोपायची वेळ,” मुंगी म्हणाली.

“काल साडेनऊ झाले होते,” नवरा म्हणाला.

“नऊ चाळीस,” रेशीमवाली आतून म्हणाली. “भांडी मग कुणी घासली?”

“उठायची वेळ.”

“सव्वाचार.”

“चार दहाला मी हाक मारते. पाच मिनिटं लोळते ती.”

लोळणं झोपेत धरायचं की नाही, यावर नवऱ्यानं बराच विचार केला. अळी डोकं वर करून जागी वाटली तरी हलत नसेल तर ती झोपलेली धरतात, या हिशोबानं त्यानं लोळणंही झोपेत धरायला लावलं. जेवण किती वेळा, तर दोनदा, आणि दुपारी मिळालं तर उभ्यानं थोडा भात. दूध नाही. फळं नाहीत. रोज किती वजन उचलतेस असा प्रश्न नव्हता. दप्तराचं वजन विचारलं होतं, तिथं नवऱ्यानं दप्तर खोडून भारा लिहायला लावलं, अठरा किलो. कुठं दुखतं का, तर मान आणि उजवा खांदा. खोकला आहे का, तर आहे. कधीपासून?

“मागच्या खेपेत चुना जास्त लागला ना, तेव्हापासून,” रेशीमवाली म्हणाली.

मग मुंगीनं पुढचा प्रश्न त्याच आवाजात वाचला, “मुलींसाठी. पाळी सुरू झाली आहे का.” नवऱ्याला उठून जायला पाय नव्हता. त्यानं तोंड भिंतीकडे केलं आणि उष्णतामापक वाचायला लागला. रेशीमवालीनं हातातली फांदी पसरून घेतली आणि मग म्हणाली की चार महिन्यांपूर्वी एकदा आली होती, नंतर नाही. मुंगीनं खूण केली. नवऱ्यानं भिंतीकडे तोंड ठेवूनच सांगितलं की सत्तावीस अंश आहेत, खिडकीची गोणी भिजवायला हवी.

शेवटचे सात-आठ प्रश्न मुंगीनं वाचून दाखवले नाहीत. तिचे तीच भरत राहिली. रेशीमवालीच्या ते लक्षात आलं, पण वरच्या मजल्यावरचा पाला राहिला होता.

फॉर्म सकाळी शाळेत पोचला. पुढचे तीन दिवस नेहमीसारखे गेले. म्हणजे त्यांत काही सांगण्यासारखं नव्हतं. पहाटे दवात फांद्या कापल्या की हात बधिर व्हायचे, दुपारी पत्र्याखाली घामानं कपडे अंगाला चिकटायचे. बोटांच्या पेरांना चुन्यानं भेगा पडल्या होत्या, त्यांत पाल्याचा चीक जाऊन त्या काळ्या झाल्या होत्या. रेशीमवाली जेवायची तेव्हा चव लागत नसे, आणि चव लागत नाही हे तिला जेवण झाल्यावर कळे. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावर तीन अळ्या फुगलेल्या सापडल्या. तिनं काडीनं त्या उचलल्या, चुन्याच्या भांड्यात टाकल्या आणि मुंगीला म्हणाली की आजपासून मजला मजला तपासायचा, दिवसातून दोनदा. मुंगी कंबरेत वाकून दोन काड्यांनी वेचत बसली. मध्येच खोकल्याची उबळ आली की ती तोंड दाराकडे करायची आणि खोकून झालं की परत वेचू लागायची.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास सर्वेची बाई आली.

ती चाळिशीची होती, खांद्याला पिशवी, पायात रबरी चपला. आत यायचं तर पाय औषधाच्या पाण्यात बुडवावे लागतील असं नवऱ्यानं सांगितलं, तेव्हा तिनं काही न बोलता बुडवले. हे रेशीमवालीला आवडलं. आजवर आलेल्या प्रत्येक साहेबानं नाक मुरडलं होतं.

बाई आधी कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. हजारो तोंडं पाला कुरतडत असली की एक आवाज येतो, नव्या माणसाला त्याची जरा सवय व्हावी लागते. मग ती मुंगीजवळ गेली, तिच्या हातातल्या काड्या काढून बाजूला ठेवल्या आणि तिचा हात उलटा करून पाहिला. मुंगीनं हात दिला, जसा दुसऱ्याचा द्यावा तसा. बाईनं पिशवीतून नळी काढून तिच्या पाठीला लावली. श्वास घे म्हणाली, सोड म्हणाली. असं चार ठिकाणी केलं. मग तिला म्हणाली, जा, जरा बाहेर उन्हात बस. मुंगीनं आईकडे पाहिलं. आई हो म्हणाली, तेव्हा गेली.

“तुम्ही नर्स आहात का?” नवऱ्यानं खाटेवरून विचारलं.

“होते,” बाई म्हणाली. “आता सर्वे करते.”

“पण फॉर्मवर नाव नव्हतं,” रेशीमवाली म्हणाली.

“एकतीस फॉर्म एकसारखे आणि एक वेगळा. शोधायला काय लागतं, ताई?”

मग तिनं एकतिसांचं वजन सांगितलं. नवऱ्याला हसू आलं, पण कुणीच हसत नाही म्हटल्यावर त्यानं ते खोकल्यात घालवलं. ऑफिसात हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाली, वर कुणी वजनं बघत नाही, टक्के बघतात. या शाळेचे टक्के छान आले आहेत. तिनं पिशवीतून बत्तिसावा फॉर्म काढला. तो चार घड्या घालून ठेवलेला होता.

“हे तुम्ही सांगितलंत?” तिनं विचारलं.

“आम्ही सांगितलं, तिनं लिहिलं,” नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. आपला तक्ता कुणीतरी नीट वाचला, असं त्याला वाटलं असावं.

“हे शेवटचंही?” बाईनं वाचून दाखवलं. शेवटचं कधी खेळलीस, या प्रश्नापुढे मुंगीनं लिहिलं होतं, मागच्या खेपेच्या आधीच्या खेपेला. शाळेतून घरी जावंसं वाटतं का, नाही. घरून शाळेत जावंसं वाटतं का, नाही. मग कुठे जावंसं वाटतं असं काही विचारलेलं नव्हतं.

रेशीमवालीनं ते ऐकलं. तिला काही वाटलं नाही, आणि आपल्याला काही वाटत नाही याचंही काही वाटलं नाही. बाराचा पाला अजून कापायचा होता, तेवढं डोक्यात होतं.

बाईनं मग सरळच सांगितलं. मुलीच्या छातीत शिट्टी वाजते. हा साधा खोकला नाही, चुना आत गेला आहे. मोठ्या दवाखान्यात फोटो काढायला हवा, औषध हवं, आणि निदान दोन-तीन महिने तिनं या शेडमध्ये पाऊल टाकता कामा नये. हा फॉर्म असाच पुढे गेला तर मुलीचं नाव यादीत जाईल. यादीतल्या मुलांना ऑफिसची गाडी नेते आणि तपासून परत आणून सोडते.

“मग जाऊ दे यादीत,” नवरा म्हणाला.

“यादी दोन ठिकाणी जाते,” बाई म्हणाली. “दुसरी अंडी देणाऱ्या रेशीम खात्यात.”

खात्याकडून अळ्यांची अंडी घेताना एक कागद सही करून द्यावा लागतो, की चौदा वर्षांखालचं मूल संगोपनाच्या कामाला लावणार नाही. नवऱ्यानं तो सही करून दिला होता. त्याची एक प्रत तक्त्याशेजारीच खिळ्याला अडकवलेली होती. अंडी खात्याशिवाय कुठं मिळत नाहीत. एकदा बंद झाली की परत सुरू व्हायला दोन वर्षं लागतात, आणि दोन वर्षं तुतीचा पाला कुणाला खायला घालणार? तुती ही काही माणसांनी खायची गोष्ट नाही.

“दुसरा रस्ता आहे,” बाई म्हणाली. ती आता त्यांच्याकडे बघत नव्हती. “माझ्याकडे एक कोरा फॉर्म आहे. उद्या शाळेत येऊन मुलीनं परत भरायचा, इतरांसारखा. मास्तरांची तयारी आहे. मी दोन्ही करू शकते. तुम्ही सांगा.”

“तुम्ही काय कराल आमच्या जागी?” रेशीमवालीनं विचारलं.

बाई म्हणाली, “मी तुमच्या जागी नाही ताई.” मग म्हणाली की उद्या नऊपर्यंत ती शाळेत असेल.

ती गेल्यावर नवरा म्हणाला, “तू म्हणशील तसं.” लग्नापासून तो हे वाक्य म्हणत आला होता. त्यात वाईट काही नव्हतं. फक्त पुढे काही बिघडलं की ते तिनं म्हटलेलं असायचं. रेशीमवालीनं त्याच्याकडे पाहिलं. प्लास्टरमधून बाहेर आलेली त्याची बोटं मळली होती, सकाळी पुसायची राहून गेली होती. तिनं फडका ओला केला आणि ती पुसली. पुसताना म्हणाली, ही खेप उतरली की आपण नेऊ तिला दवाखान्यात, आपले आपण. नवरा म्हणाला, हो, खेप उतरली की. ही खेप उतरली की आठ दिवसांत शेड धुऊन दुसरी यायची, हे दोघांनाही माहीत होतं, पण ते त्या वेळी बोलायचं नव्हतं.

“फॉर्म परत भरू,” ती म्हणाली. एवढं म्हणायला तिला काही जड गेलं नाही. सगळ्यात वाईट तेच होतं, आणि ते तिला नंतर कळलं.

मुंगी बाहेर उन्हात बसली नव्हती. ती पाला कापायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी पाचचा पाला घालून, घाण काढून, दोघी आठ वाजता शाळेत गेल्या. रेशीमवालीनं धुतलेली साडी नेसली होती, पण बोटं काही धुऊन निघाली नव्हती, ती तिनं पदरात धरून ठेवली. शाळेत मुलं अजून आली नव्हती. मास्तरनं तिला आपली खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. ती खुर्चीच्या कडेवर बसली. मास्तर फार बोलत होता. यात कुणाचं काही वाईट नाही, एका फॉर्मनं काय होतं, उगाच मुलीच्या मागे शुक्लकाष्ठ नको. चूक माझीच, मी त्या दिवशी सांगायला हवं होतं, असंही म्हणाला. ते मात्र मनापासून म्हणाला. फळ्यावर त्यानं बेचाळीस उत्तरं परत लिहून ठेवली होती. या वेळी कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

बाईनं कोरा फॉर्म दिला. मुंगी खिडकीजवळच्या बाकावर बसली आणि लिहायला लागली. रेशीमवाली तिच्याकडे बघत होती. मुलगी एकदाही मान वर करून फळ्याकडे बघत नव्हती. प्रश्न वाचायची, खूण करायची, पुढचा वाचायची. कुठं थांबत नव्हती, खोडत नव्हती. दहा मिनिटांत शेवटच्या पानावर आली, तेव्हा तिनं फक्त एकदा विचारलं.

“मास्तर, वजन?”

“छत्तीस,” मास्तर म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

बाईनं फॉर्म पाहिला, गठ्ठ्यात सरकवला, गठ्ठ्याला दोरी बांधली. जुना फॉर्म तिच्या पिशवीत तसाच चार घड्यांचा होता. ती उठायला लागली तेव्हा रेशीमवालीला राहवलं नाही.

“तो फाडणार ना?”

बाईनं तो काढला आणि तिच्यासमोर धरला. “तुम्हीच फाडा,” म्हणाली. ती रागानं म्हणाली नाही. दमलेली होती.

रेशीमवालीनं पदरातून हात बाहेर काढला. सगळ्यांनी तिची बोटं पाहिली. तिनं फॉर्म घडीवर फाडला, मग त्याचे तुकडे परत घडीवर फाडले, सरळ, सारखे. बारीक अळ्यांखाली अंथरायला कागद असाच फाडतात, हाताला ती सवय होती. तुकडे कुठे टाकावेत हे तिला समजेना, म्हणून तिनं ते कमरेला खोचले. मास्तर म्हणाला, या हं वहिनी, खेप चांगली उतरू दे. मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवायला बाईनं हात उचलला होता, तो तिनं पिशवीच्या पट्ट्यावर ठेवला.

परत येताना ऊन चढलं होतं. वाट तुतीच्या वाफ्यांकडूनच जाते, आणि बाराचा पाला कापायचा होता, म्हणून दोघी घरी न जाता तिकडेच वळल्या. मुंगी पुढे चालत होती. बांधावर चढताना तिला दम लागला, ती थांबली, आणि मागून आई येतेय म्हणून परत चालायला लागली. तिची कॉलर सुटी झालेली होती आणि मानेवर भाऱ्याच्या दोरीचा लाल वळ होता. इतके दिवस तो वळ तिथंच असणार. रेशीमवालीनं तो आज पाहिला.

“फळ्याकडे बघितलं नाहीस तू,” ती म्हणाली. “पाठ केली होतीस का उत्तरं?”

“पाठ कशाला करायची? सगळ्यांनाच माहीत असतात ती.”

“मग त्या दिवशी?” रेशीमवाली म्हणाली. “त्या दिवशी आम्हाला एकेक का विचारत बसलीस? लिहायची होतीस तेव्हाच.”

मुंगीनं थांबून श्वास जुळवला.

“म्हटलं, खरं लिहिलं तर कुणीतरी बघायला येईल.”

“आली की बाई.”

“हो,” मुंगी म्हणाली. “आली.”

वाफे आले. रेशीमवाली बांधावरच उभी राहिली. इतक्या दिवसांनी तिला काहीतरी वाटलं, आणि ती लाज होती. अशी, की आपल्याच मुलीसमोर कुठे बघावं कळेना. तिला म्हणायचं होतं, तू घरी जा, झोप, मी कापते. ते शब्द तोंडापर्यंत आलेही. पण बाराचा पाला वेळेवर घालायचा होता, आणि एकटीनं पाच मजल्यांचा पाला कापून, वाहून, पसरून होत नाही हे तिला माहीत होतं. ते मुंगीलाही माहीत होतं. ती आधीच वाकून पहिल्या ओळीला उभी होती आणि मागे न बघता हात मागे करून विळा मागत होती.

बांधाच्या कडेला दोन विळे खोचलेले होते. रेशीमवालीनं दोन्ही काढले, धारेवरून अंगठा फिरवून पाहिला आणि त्यातला बऱ्या धारेचा मुलीच्या हातात दिला.